चावीला जोर लावू नका

गाडीचे लॉक घट्ट झाले की आपण पहिल्यांदा काय करतो? चावीला जोर लावतो. तेवढ्याने नाही फिरली तर दारावर एक बुक्की मारतो आणि पुन्हा जोर लावतो. तिसऱ्या खेपेला दार उघडते आणि आपण आपल्या कामाला लागतो. लॉक मात्र आणखी थोडे बिघडलेले असते. असे महिनोन्महिने चालते. मग एके दिवशी, नेमके लग्नाला किंवा दवाखान्यात निघायच्या वेळी, चावीचा अर्धा तुकडा लॉकमध्ये राहतो आणि अर्धा आपल्या हातात.

आज आपल्या वस्त्यांमध्ये गाड्या आल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. कोणी निवृत्तीच्या पैशातून जुनी मारुती घेतली, कोणी कर्ज काढून शाळेची मुले ने-आण करण्यासाठी ओम्नी घेतली. पण बहुतेक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मारुती व्हॅन, जिला पुढे ओम्नी हे नाव मिळाले, ती १९८४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली. म्हणजे आज चालणारी सर्वांत नवी ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढे गेलेली आहे. नव्या गाडीचा मालक खिशातले बटण दाबतो आणि चारही दारे उघडतात. आपल्या गाडीला मात्र रोज चावी घालावी लागते, रोज फिरवावी लागते. म्हणून या लॉकची देखभाल आपल्याला यायलाच हवी.

हा केवळ पैशाचा प्रश्न नाही

लॉक घट्ट झाले की माणूस हळूहळू गाडीला लॉक लावणेच सोडून देतो. 'आपल्याच गल्लीत उभी आहे, जुनी गाडी कोण नेतोय,' असे म्हणतो. चोर नेणार नाही कदाचित. पण गल्लीतली लहान मुले दार ओढून आत शिरतात. त्यांना ते खेळायचे घर वाटते. आत गेल्यावर दार लागते. आणि ज्या गाडीचे बाहेरचे लॉक बिघडले आहे, तिचा आतला खटकाही बहुधा तितकाच गंजलेला असतो. मोठ्या माणसाला तो दोन्ही हातांनी ओढावा लागतो. चार वर्षांच्या पोराने तो कसा ओढायचा?

२०२३ च्या जून महिन्यात नागपुरात तीन लहान मुले घराजवळ उभ्या असलेल्या मोटारीत मृतावस्थेत सापडली. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईत अँटॉप हिल येथे पाच आणि सात वर्षांची दोन भावंडे अशीच एका उभ्या गाडीत सापडली. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतली हवा पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी तापते आणि पुढेही तापतच राहते. काच थोडीशी खाली ठेवली तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

म्हणून आमचे या लेखातले मुख्य सांगणे एवढेच आहे. न लागणारे लॉक मुलांना आत घेते आणि न उघडणारे लॉक त्यांना बाहेर सोडत नाही. गाडीचे प्रत्येक दार बाहेरून चावीने लागले पाहिजे आणि आतून एका बोटाने उघडले पाहिजे. हे काम एका रविवारच्या सकाळी घरच्या घरी होते. आम्ही कारकुनी करणारी माणसे, मेकॅनिक नव्हे. पण गॅरेजात उभे राहून, विचारून, हात काळे करून हे काम आम्ही शिकलो आणि वस्तीतल्या अनेकांना शिकवले. ते शिकण्यासारखे आहे आणि घरातल्या ताई-माईंनाही सहज जमणारे आहे.

लॉकच्या आत काय असते?

आधी लॉक कसे चालते ते समजून घेऊ. आपण ज्यात चावी घालतो ती एक लहानशी नळी असते. तिच्यात पातळ पितळी पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग असते. चावी नसताना या पट्ट्या नळीच्या बाहेर डोकावतात, त्यामुळे नळी फिरत नाही. चावीच्या दात्यांनी त्या सगळ्या नेमक्या उंचीवर आल्या की नळी मोकळी होते आणि फिरते. एक जरी पट्टी अडकली तरी नळी फिरत नाही. मग आपण कितीही जोर लावा. तो जोर त्या बारीक पट्टीवर आणि चावीच्या मानेवर जातो आणि दोहोंपैकी जे कमजोर असेल ते तुटते.

पण हे झाले अर्धेच लॉक. नळीच्या मागे एक सळी असते. ती दाराच्या आतून जाऊन दाराच्या कडेला असलेल्या खटक्याला जोडलेली असते. गॅरेजात त्याला लॅच म्हणतात. दार उघडून कडेला पाहिलेत तर खेकड्याच्या नांगीसारखा एक लोखंडी तुकडा दिसेल, तोच हा. दार लावले की ही नांगी गाडीच्या चौकटीवरच्या लोखंडी आकड्याला पकडते. त्या आकड्याला स्ट्रायकर म्हणतात. बाहेरचे हँडल, आतले हँडल आणि आतली लॉकची कळ, या सगळ्यांच्या सळ्या याच खटक्याला येऊन मिळतात.

म्हणजे नळी, सळी, खटका आणि आकडा अशा चार जागा झाल्या. लॉक घट्ट आहे असे म्हणताना या चारपैकी दोष नेमका कुठे आहे, हे आधी शोधले पाहिजे. रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये.

दोष कसा शोधावा?

सुरुवातीलाच एक खबरदारी घ्या. काम करताना गाडीची एक काच पूर्ण खाली करून ठेवा आणि चावी खिशात ठेवा. नाहीतर दार चुकून लागायचे आणि आपण बाहेर, चावी आत.

पहिली तपासणी चावीची. घरात दुसरी चावी असेल तर ती लावून पाहा. दुसरीने लॉक सहज फिरले तर लॉक चांगले आहे, रोजची चावी झिजली आहे. दोन्ही चाव्या शेजारी धरून उजेडात पाहा. झिजलेल्या चावीचे दाते गोल झालेले दिसतील.

दुसरी तपासणी दार उघडे ठेवून करायची. चावी घालून फिरवा. चावी आत जातानाच अडखळत असेल तर नळीत धूळ किंवा चिकटा आहे. आत सहज जाते पण फिरत नसेल तर एखादी पट्टी अडकलेली आहे किंवा पुढची सळी जाम आहे. चावी गरगर मोकळी फिरते आणि काहीच होत नसेल तर सळी निसटली आहे किंवा तिला धरणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटली आहे.

तिसरी तपासणी खटक्याची. दार उघडेच ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ती नांगी आतल्या बाजूला दाबा. खट-खट असे दोन आवाज येतील. दार लागल्यासारखी ती बंद होईल. आता बाहेरचे हँडल ओढा, नांगी झटकन सुटली पाहिजे. पुन्हा बंद करा आणि आतले हँडल ओढा, तशीच सुटली पाहिजे. रेंगाळत, कुरकुरत सुटली तर खटका साफ करायचा आहे असे समजा. येथे एक गोष्ट कधीही विसरू नका. तपासणी झाल्यावर हँडल ओढून नांगी उघडी करा आणि मगच दार लावा. बंद नांगी तशीच आकड्यावर आपटली तर एक किंवा दुसरे वाकलेच म्हणून समजा.

चौथी तपासणी. दार उघडे असताना सगळे सुरळीत चालते आणि दार लावल्यावरच घट्ट होते, असे असेल तर दोष लॉकचा नाही, दार खाली बसले आहे. दार अर्धे उघडून खालच्या कडेला धरून हलकेच वर उचलून पाहा. वर-खाली हलत असेल तर बिजागरी झिजली आहे. अशा गाडीच्या लॉकमध्ये तुम्ही डबाभर तेल ओतले तरी उपयोग नाही. बिजागरीचे किंवा आकड्याची जागा सरकवण्याचे काम गॅरेजात करून घ्यावे लागेल.

लॉक घट्ट का होते?

रस्त्याची धूळ हे पहिले कारण. पावसाचे पाणी हे दुसरे. कोकणात आणि मुंबईकडे खारी हवा हे तिसरे. आणि चौथे कारण म्हणजे आपणच मोठ्या मायेने घातलेले तेल.

घरातले खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लॉकमध्ये घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. दोन दिवस लॉक लोण्यासारखे फिरते. मग शेंगदाण्याचे तेल हवेने चिकट होत जाते, जशी स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याभोवती न निघणारी चिकट पुटे चढतात तशी. खोबरेल तर साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजते. विदर्भ-मराठवाड्यात थंडीच्या सकाळी बाटलीतले तेल दगड होते, हे आपण सगळे जाणतो. तेच लॉकमध्ये होते. शिवाय या चिकट्यावर धूळ बसते आणि तिचे काळे कीटण तयार होते. त्या बारीक पट्ट्या मग त्यातच रुतून बसतात. म्हणून खाण्याचे तेल खाण्यालाच ठेवावे.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. ड्रायव्हरच्या बाजूचे लॉक फार वापरून झिजते आणि दुसऱ्या बाजूचे अजिबात न वापरल्याने गंजते. डाव्या दाराला आणि डिक्कीला कधी चावीच लावली जात नाही. मग कधीतरी ड्रायव्हरच्या बाजूचे लॉक बिघडते आणि डावीकडून उघडू म्हटले तर तेही फिरत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक लॉकमध्ये चावी घालून फिरवावी. एवढ्या फुकटच्या उपायाने अर्धे दुखणे टळते.

नळीची सफाई

आता कामाला लागू. सामान थोडेच लागते. गंज सोडवणारा स्प्रे, ग्राफाईट पावडर, थोडे ग्रीस, जुना दातांचा ब्रश, सुती फडके आणि वर्तमानपत्र. हार्डवेअरच्या किंवा गाडीच्या सामानाच्या दुकानात हे सगळे मिळते.

पहिल्यांदा स्प्रेची बारीक नळी चावीच्या भोकाला लावून एक-दोन वेळा आत फवारा मारा. बाहेर काळे पाणी ओघळेल, ते फडक्याने टिपा. चावी घाला, काढा. फिरवायची घाई नको. चावी पुसा, पुन्हा घाला. चावी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. आठ-दहा वेळा करावे लागेल. मग हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून पाहा. बहुतेक लॉक येथेच सुटते. नाही सुटले तर पुन्हा फवारून तासभर तसेच राहू द्या आणि तोपर्यंत चहा घ्या.

या स्प्रेबद्दल थोडे सांगतो. दुकानात सर्वांत जास्त मागितला जातो तो डब्ल्यूडी-४०. तो १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे तयार झाला. नावातील दोन अक्षरांचा अर्थच पाणी हटवणारा असा आहे आणि चाळिसाव्या प्रयत्नाला तो जमला म्हणून ४०. म्हणजे त्याचे खरे काम ओल घालवणे आणि गंज सैल करणे. त्यातला बराचसा भाग उडून जातो. मागे जे पातळसे तेल उरते ते कायमच्या वंगणाचे काम करीत नाही आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. म्हणून स्प्रे सफाईसाठी वापरावा आणि खरे वंगण त्यानंतर घालावे.

नळीसाठी ते वंगण म्हणजे ग्राफाईटची कोरडी पावडर. ग्राफाईट म्हणजे कार्बनच. त्याचे पातळ थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून ते तेलासारखे काम करते पण ओले नसल्यामुळे धूळ धरत नाही. मात्र नळी पूर्ण वाळल्याशिवाय ते घालू नका. ओल्यावर पावडर पडली तर तिचा चिखल होतो आणि पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. सकाळी सफाई केली तर पावडर संध्याकाळी घाला. डबीच्या टोकाने चिमूटभर पावडर आत फुंकायची, चावी दहा वेळा घालून-काढून फिरवायची आणि पुसून टाकायची. चावी पुसली नाही तर शर्टाचा खिसा काळा होईल आणि घरात बोलणी बसतील.

पावडर मिळाली नाही तर मुलांच्या दप्तरातली चित्रकलेची मऊ पेन्सिल घ्या, ६बी किंवा ८बी. पेन्सिलचे शिसे म्हणजे शिसे नव्हेच, ग्राफाईट आणि मातीचे मिश्रण असते. मऊ पेन्सिलीत ग्राफाईट जास्त आणि माती कमी. चावीच्या दोन्ही बाजूंवर आणि दात्यांवर ती चांगली घासा आणि चावी लॉकमध्ये घालून-काढून फिरवा. पावडरीइतके चांगले नाही, पण अडल्या वेळी काम भागते.

पेट्रोलने लॉक धुण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या विडीने किंवा शेगडीनेही पेट घेते. स्प्रेसुद्धा पेटणाराच असतो. म्हणून तो मारताना जवळपास विडी, उदबत्ती, गॅस नको आणि मुलांना दूर ठेवा.

खटका आणि दाराचा आतला भाग

खटक्याला वेगळे औषध लागते. तेथे वजन आहे आणि आपटणे आहे, म्हणून तेथे ग्रीस हवे. आधी स्प्रे मारून जुने काळे ग्रीस ब्रशने घासून काढा आणि फडक्याने पुसा. खाली वर्तमानपत्र धरा म्हणजे सीट खराब होणार नाही. मग पांढरे लिथियम ग्रीस, नाहीतर बेअरिंगचे साधे ग्रीस, हरभऱ्याच्या दाण्याएवढे घेऊन नांगीवर लावा. चौकटीवरच्या आकड्यालाही बोटाने पुसटसे लावा. बिजागऱ्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडा आणि दार दहा-बारा वेळा उघड-बंद करा. जास्तीचे पुसून टाका, नाहीतर मुलांचे शाळेचे कपडे खराब होतील.

ओम्नीच्या सरकत्या दारावर विशेष लक्ष द्या. ते दार ज्या पट्टीतून सरकते तिच्यात बारीक खडी, बिस्किटांचा चुरा, पेन्सिलीचे तुकडे असे सगळे साचते. दार अडते आणि ड्रायव्हर दादा धाडकन ओढतात. ती पट्टी ब्रशने साफ करून ग्रीसचा पातळ हात फिरवला तर दार मुलांनाही सरकवता येते.

खटका साफ करूनही चावी जड वाटली तर दोष आतल्या सळ्यांमध्ये असतो. त्यासाठी दाराचे आतले आवरण म्हणजे डोअर पॅड काढावे लागते. काच चढवायच्या हँडलमागे बऱ्याच जुन्या गाड्यांत घोड्याच्या नालासारखी तारेची क्लिप असते. हँडलच्या मागे फडक्याची पट्टी घालून दोन्ही टोकांनी मागे-पुढे ओढली की ती निसटते. ती उडून हरवते, म्हणून दुसऱ्या हाताने झाकून धरा. मग स्क्रू काढून पॅड अलगद सोडवा. आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका. पाणी पॅडपर्यंत येऊ नये म्हणून तो लावलेला असतो, काम झाल्यावर पुन्हा नीट चिकटवा. सळ्यांच्या सांध्यांवर थोडे ग्रीस लावा आणि क्लिपा जागेवर आहेत का ते पाहा. हे काम अवघड वाटले तर जाणकाराला बरोबर घ्या. ज्या गाडीला सेंट्रल लॉकच्या वायरी आहेत तिच्या दारात आपण हात घालू नये.

पॅड न काढता करायचे एक काम मात्र प्रत्येकाने करावे. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या आत जाते आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडते. ही भोके चिखलाने बुजली की पाणी आत साठते, दार खालून सडते आणि लॉक गंजते. दार उघडून खालच्या कडेवर ती भोके शोधा आणि खराट्याच्या काडीने मोकळी करा.

चावीचा मान राखा

झिजलेल्या चावीवरून दुसरी चावी करून घेतली तर झीजही तशीच उतरते. म्हणून फूटपाथवरच्या चावीवाल्याकडे जाताना रोजची चावी नेऊ नका. कपाटात पडून असलेली, कमी वापरलेली चावी न्या. गाडी जुनी विकत घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या. एकच मिळाली तर ती झिजण्याआधी तिची नक्कल करून ठेवा.

गाडी सुरू करायच्या चावीला घराच्या, कपाटाच्या, तिजोरीच्या चाव्यांचा जुडगा लटकवू नका. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात तो जुडगा हिसके देतो आणि आतल्या पट्ट्या झिजतात. गाडी सुरू करताना चावी अजिबात फिरत नसेल तर घाबरू नका. बहुधा स्टेअरिंग लॉक बसलेले असते. एका हाताने स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवा, सुटते. येथे ग्राफाईट अगदी नावापुरते वापरा. त्यातून वीज वाहते आणि या लॉकच्या मागेच विजेचा स्विच असतो.

चावी मोडलीच तर उरलेल्या तुकड्याने आतला भाग ढकलू नका. नळी चावी घालताना जशी असते त्याच स्थितीत आणा, थोडा स्प्रे मारा आणि बारीक चिमट्याने तुकडा सरळ बाहेर ओढा. टोक हाताला लागत नसेल तर चावीवाल्याला बोलवा. दोन्ही तुकडे जपून ठेवा, त्यावरून तो नवी चावी करू शकतो.

हिशेबाचे दोन शब्द

आमचा पिंड हिशेबाचा. एका बाजूला स्प्रे, पावडर, ग्रीस आणि एक सकाळ. हे सामान दोन-तीन वर्षे पुरते आणि चार घरांनी मिळून घेतले तर खर्च नाममात्र होतो. दुसऱ्या बाजूला नवे लॉक, मोडलेले हँडल आणि ड्रायव्हर दादांचा बुडालेला दिवस. शाळेची गाडी एक दिवस उभी राहिली तर पालक दुसरी गाडी शोधतात आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

गॅरेजात गेलात तरी 'लॉक खराब झालंय' एवढेच सांगू नका. 'दार उघडं असताना चावी नीट फिरते, लावल्यावर अडते,' किंवा 'चावी मोकळी फिरते, सळी निसटली असेल, बघा,' असे सांगा. ज्याला दोष सांगता येतो त्याच्या गाडीचा पूर्ण लॉक सेट विनाकारण बदलला जात नाही. प्रामाणिक कारागिराचाही त्यामुळे वेळ वाचतो. लॉक खरोखर झिजले असेल आणि बदलावेच लागले, तर नव्या लॉकची चावी वेगळी असते हे ध्यानात ठेवा आणि त्या चाव्यांवर खूण करून ठेवा.

मुलांसाठी एवढे कराच

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. मागच्या दारांच्या कडेला, खटक्याजवळ, बऱ्याच गाड्यांना एक लहान कळ असते. तिला चाइल्ड लॉक म्हणतात. ती लावलेली असली की दार आतून उघडतच नाही, फक्त बाहेरून उघडते. चालत्या गाडीत मुलांनी दार उघडू नये म्हणून ही सोय आहे. पण जुनी गाडी घेतलेल्या कित्येकांना ती लावलेली आहे की नाही हेच माहीत नसते. आजच पाहा आणि घरातल्या सर्वांना दाखवा.

मग सगळे लॉक साफ झाल्यावर घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलाला किंवा मुलीला गाडीत बसवा. काचा खाली असू द्या आणि तुम्ही दाराशी उभे राहा. प्रत्येक दार आतून उघडायला सांगा. ज्या दाराशी त्याचा हात अडेल ते दार अजून दुरुस्त झालेले नाही असे समजा. मागचे दार उघडले नाही तर सीटवरून पुढे यायचे आणि पुढचे दार उघडायचे, हे त्याला शिकवा. पुढच्या दारांना चाइल्ड लॉक नसते. हॉर्न दाबून धरायला शिकवा. बहुतेक गाड्यांचा हॉर्न चावी न लावताही वाजतो, आपल्या गाडीचा वाजतो का ते पाहून ठेवा.

आणि रोज गाडी उभी केली की मागच्या सीटवर एक नजर टाका, काचा वर करा, चारही दारे आणि डिक्की लॉक करा आणि चावी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच खिळ्यावर टांगा. गल्लीत एखादी बंद पडलेली गाडी दारे उघडी टाकून उभी असेल तर तिच्या मालकाला शोधून सांगा. तो ऐकत नसेल तर चार शेजाऱ्यांनी मिळून सांगा.

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, ही लॉकची सफाई करावी. घरातली भांडी घासतो, पंखे पुसतो, त्यातच गाडीची पाच लॉकही धरावीत. ज्यांना जमले त्यांनी शेजारच्याला शिकवावे आणि त्या वेळी मुलांनाही जवळ उभे करावे. चावी कशी फिरते, पट्टी कशी उचलली जाते, हे पोरांनी आत्ताच पाहिले तर मोठेपणी ती कुठल्याच अडलेल्या दाराला बुक्की मारणार नाहीत.